दुसरं पान

रंगाच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत, आणि ती कोपऱ्यावरून वळली की नकारघंटा. तिला हे ठाऊक होतं आणि तिची हरकत नव्हती. सुरक्षा अधिकाऱ्याला लोक प्रेमानं हाक मारू लागले, तर खुशाल समजावं की कुठंतरी कुणीतरी न बांधलेल्या शिडीवर चढलेलं आहे. एकवीस वर्षांत ती शिडीला नाही म्हणाली, वेल्डिंगला नाही म्हणाली, थिनरच्या पिंपाला टेकून डबा खाण्याला नाही म्हणाली. मालकाच्या जावयाला टाकीत उतरून फोटो काढायचा होता, त्यालाही नाहीच म्हणाली. या एकवीस वर्षांत कारखान्यात एका माणसाचं एक बोट गेलं, आणि तेही ती रजेवर असताना. ती रजा तिनं धाकट्या भावाचं शव ताब्यात घेण्यासाठी काढली होती.

तिचं काम म्हणजे जोखीम मोजणं. त्याला एक फॉर्म असतो. अपघात होण्याची शक्यता किती, एक ते पाच; झालाच तर परिणाम केवढा, पुन्हा एक ते पाच; मग दोन्हींचा गुणाकार. दहा किंवा दहाच्या आत आलं तर काम सुरू करायचं. दहाच्या वर गेलं तर पान उलटायचं. दुसऱ्या पानावर लिहायचं की माणसाला काय काय दिलं म्हणजे हा आकडा खाली येईल. पट्टा, टोप, जोडीदार, बदललेला रस्ता, जे लागेल ते. पहिलं पान भरायला भीती पुरते, दुसरं भरायला वस्तू आणाव्या लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरं पान कोरं असतं.

भावाला घरीदारी थंडोबा म्हणत. एक तर तो फ्रिज आणि शीतगृहं दुरुस्त करायचा, आणि दुसरं म्हणजे घराला आग लागली तर आधी चपलांची जोडी नीट लावून मग बाहेर पडेल, असा त्याचा स्वभाव. त्याला तिकडे, लढाईच्या मुलुखात, पाठवलं मामानं. मामा सख्खा, आईचा पाठचा भाऊ. त्याचं परदेशात कामाला माणसं पाठवायचं ऑफिस होतं. अलीकडे तिकडच्या लढाईमुळे त्याच्या धंद्याला बरकत आली होती. सैन्याच्या तळावर लढायला माणसं लागतात, त्याहून जास्त त्यांचे कपडे धुवायला, नळ दुरुस्त करायला आणि त्यांचं मटण गोठवून ठेवायला लागतात. मामा म्हणायचा, लढाई तिकडे, आपण इकडे, मधे कुंपण. तो हे इतक्या सहज म्हणायचा की ते कुंपण त्यानं स्वतः घातलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं. खरं तर तो तिकडे एकदाही गेला नव्हता. पण 'आमच्या तळावर' या शब्दांनीच त्याची वाक्यं सुरू होत, आणि गावानं धरून टाकलं होतं की मामा वर्षातून दोनदा तरी जाऊन येतो.

थंडोबाला ऑफर आली तेव्हा ती अर्थातच नाही म्हणाली. तिनं विचारलं, शीतगृह कुंपणाच्या आत आहे, पण मटणाच्या गाड्या कुठून येतात? बंद पडल्या तर दुरुस्त कुठं करायच्या? मामा म्हणाला, गाड्यांचा मेकॅनिक वेगळा असतो. तिनं विचारलं, कोण? मामानं आईकडे बघून हात जोडले. आणि थंडोबा हसून म्हणाला, "ताई, तू मला सायकललाही नाही म्हणाली होतीस."

ते खरंच होतं. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कुणी मान वर करून बघत नाही. हे तिला त्या दिवशी कळलं आणि पुढं अकरा महिन्यांनी फार चांगलं कळलं.

तळाची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीचं पत्र घेऊन मामाच आला. त्यात लिहिलं होतं की सदर मेकॅनिक शीतपेय विकत घेण्यासाठी, स्वतःच्या मर्जीनं, परवानगी न घेता कुंपणाबाहेर गेला असता स्फोटात मरण पावला. सबब जबाबदारी त्याची. आई मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग हळूहळू तिचं रडणं रागात बदललं, आणि तो राग गेलेल्या पोराकडे वळला. लहानपणापासून असाच हावरा, म्हणाली, बर्फाचा गोळा दिसला की रस्ता ओलांडायचा. दोन वर्षं ती त्याच्या फोटोवरची धूळ पुसायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

नकारघंटेनं मात्र ते पत्र वाचलं आणि एकाच ठिकाणी अडकली. तिचा भाऊ ज्या शीतगृहाची किल्ली खिशात घेऊन फिरत होता, त्याच्या पुढच्या, कमी थंड खोलीत दहा हजार बाटल्या शीतपेय होतं. ज्याच्या घरात विहीर आहे, तो पाणी प्यायला शेजाऱ्याची भिंत कशाला चढेल? पण पत्र लिहिणाऱ्यानं थंडोबाचं काम काय होतं, हेच पाहिलं नव्हतं. पत्र कंपनीचं, पण मजकूर मामाच्या ऑफिसातून गेलेला वाटत होता; त्याच्या कामाची पद्धतच ती. त्यानं एक फॉर्म एकदाच भरून ठेवला होता, आणि आचारी असो, वेल्डर असो, त्याच फॉर्मची झेरॉक्स काढून वरचं नाव तेवढं बदलायचा. मेलेल्या माणसांसाठीही त्यानं असंच एक पत्र करून ठेवलं असणार.

भावाची हत्यारांची पिशवी परत आली, तिच्या तळाशी चार घड्या घातलेला त्याचा फॉर्म सापडला. शक्यता एक, परिणाम दोन, गुणाकार दोन. कारखान्यात चहाचा ट्रे जिन्यानं वर नेण्याला तिनं तीन दिले होते. कामाची जागा: फक्त कुंपणाच्या आत. खाली मामाची झोकदार सही. दुसरं पान नव्हतंच. मामा पाठपोट झेरॉक्स काढत नसे. त्या कोऱ्या पाठीवर थंडोबा पेन्सिलीनं शीतगृहाचं तापमान टिपायचा. उणे अठरा, उणे सतरा, उणे अठरा. आणि सगळ्यात खाली, त्याच्या गोल अक्षरात: बाहेरची चार नंबर गाडी, कॉम्प्रेसर, दहा वाजता, साहेब म्हणतात आत्ताच.

तिनं ते आईला दाखवलं. आई म्हणाली, आधीच्या कुठल्या दिवसाचं असेल. माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलेल का? तिनं ते कंपनीला पाठवलं. कंपनीनं कळवलं की कागदाच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं पुरावा धरता येत नाही. मग तिनं तो फॉर्म पुन्हा चार घड्या घालून ठेवून दिला. ती कुणाला बोलली नाही. मामाला चहा देत राहिली. राग किती साठला तर टाकी फुटते याचा हिशेब तिला येत होता, आणि झडपेला हात कधी लावायचा हेही.

दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी मामा आला. आई डोळे दाखवायला दवाखान्यात गेली होती. मामानं आधी तब्येती विचारल्या, पंख्याचा आवाज येतो म्हणाला, कारखान्याचं कसं चाललंय म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय. तिनं चहा पुढं केला आणि वाट पाहिली.

शेवटी भांडं बाहेर आलं. शीतगृहाचं आणि गाड्यांचं कंत्राट पुन्हा द्यायचं, तर एजंटानं स्वतः तळावर पंधरा दिवस राहून पाहणी करावी, असा कंपनीचा नवा नियम निघाला होता. आणि त्या पाहणीचा जोखमीचा फॉर्म सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडूनच भरून घ्यायचा. एजंटाची सही आता चालणार नव्हती. मामाच्या ओळखीत असं सर्टिफिकेट असलेली एकच व्यक्ती होती.

"तू फक्त तुझ्या पद्धतीनं भर," मामा म्हणाला. "म्हणजे नाही म्हण. तू नाही म्हणालीस की कंपनीला ऐकावंच लागेल. मग पाहणी फोनवरच होईल."

"पण तुम्ही तर वर्षातून दोनदा जाता ना, मामा?"

मामानं कपातल्या चहाकडे पाहिलं. "लोक बोलतात," म्हणाला. "आता वयही झालं माझं."

म्हणजे आयुष्यभर तिच्या नकाराची टिंगल करणारा माणूस तिच्या दारात एक नकार मागायला आला होता. तिला हसू आलं नाही. तिनं चष्मा लावला, फॉर्म पुढं ओढला, आतून घडी घातलेला जुना कागद आणून शेजारी ठेवला आणि त्यात बघून नक्कल उतरवल्यासारखी लिहू लागली. शक्यता एक. परिणाम दोन. गुणाकार दोन. कामाची जागा: फक्त कुंपणाच्या आत.

मामाला उलटं वाचता येत होतं. धंद्यात ते शिकावंच लागतं. त्याचा कप बशीवर वाजला.

"हे काय लिहितेस?"

"तुमचाच आकडा. त्याच जागेचा."

"अगं, पण तिथं माणसं मरतात."

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

पंखा खरंच आवाज करत होता. मामानं रुमालानं मान पुसली, मग कपाळ, मग पुन्हा मान. तिनं फॉर्म त्याच्याकडे फिरवला आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या नवव्या कलमावर बोट ठेवलं. ते कलम थंडोबाच्या फॉर्मवरही होतं, आचाऱ्याच्याही आणि वेल्डरच्याही. मामानं त्याच्या हजार झेरॉक्स काढल्या होत्या आणि एकदाही वाचलं नव्हतं. त्याच जागेचा आधीचा आकडा असेल तर तोच धरावा. वाढवायचा असेल, तर आधीच्या आकड्यात काय चुकलं होतं ते, तो आकडा ज्यानं दिला त्यानं, स्वतःच्या हातानं लिहून सही करून जोडावं.

तिनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, नवीन कामगाराला शिडी समजावतात तसं. चिठ्ठी जोडली नाही तर दोनच्या आकड्यावर जावं लागेल, गोळी अडवणारं जाकीट नाही, सोबत गाडी नाही, जसा थंडोबा गेला तसं. चिठ्ठी जोडली तर खरा आकडा टाकता येईल, आणि तो वीस येईल.

"विसाला काय होतं?"

"पहिल्या पानावर वीस असेल तर जगात कुणी सही करत नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मामाचा चेहरा मोकळा झाला. एक चिठ्ठी तर लिहायची. शिवाय ती जाणार कुठे, तर कंपनीच्या कुठल्याशा फायलीत, जिथं त्याचे हजार फॉर्म न वाचता पडलेले होते. त्यानं पेन मागून घेतलं. सुरुवातीला त्यानं 'अनवधानानं' असं लिहिलं. तिनं सांगितलं की अनवधानानं दोनाचे फार तर सहा होतील, वीस होणार नाहीत. मामानं तो कागद चुरगाळला आणि दुसरा घेतला. या वेळी त्यानं लिहिलं की गाड्या कुंपणाबाहेर थांबतात हे आपल्याला माहीत होतं. गाड्यांचा वेगळा मेकॅनिक कधीच नव्हता. त्या दिवशी तळावरच्या मुकादमाचा निरोप आला होता की मेकॅनिकला बाहेर पाठवलंय, तो आपण वाचला होता. शीतपेयाचं वाक्य आपलं. लिहिता लिहिता तो रडला, की त्याला घाम आला, हे तिनं नीट पाहिलं नाही. ती शुद्धलेखन तपासत होती.

सही झाल्यावर तिनं दोनाचा फॉर्म फाडला आणि नव्या फॉर्मवर शक्यता चार, परिणाम पाच, गुणाकार वीस असं लिहिलं.

"दुसरं पानही असतं," ती म्हणाली. "वाचताय का?"

"तूच भर," मामा उठत म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची पोर."

दुसरं पान भरायला तिला तीन दिवस लागले. आयुष्यात तिनं एवढं काळजीपूर्वक काही लिहिलं नव्हतं. जाड पत्र्याची गाडी, तिच्या पुढं एक आणि मागं एक पहाऱ्याची. जाकीट, टोप. मटणाच्या गाड्या ज्या वेळी जात त्याच्या आधी किंवा नंतर, पण त्याच वेळी नाही. सकाळी आठ ते रात्री आठ दर दोन तासांनी फोन. ज्यानं फॉर्म भरला त्यालाच फोन. जागा सांगायची, ती वहीत टिपायची. परिणाम पाचच राहिला, कारण जाकीट घालून मेलेला माणूस कमी मेलेला नसतो. शक्यता दोनवर आली. बे पंचे दहा. दहा किंवा दहाच्या आत.

तिनं तो गुणाकार तीनदा तपासला. शक्यता खरंच दोन आहे, की आपल्याला ती दोन हवी आहे? तिनं जुने अहवाल काढून पाहिले, तिकडून परत आलेल्या दोघांना फोन केले. दोनच येत होती. मामाला मारायचं असतं तर पहिला फॉर्मच पुरेसा होता. तो खोटा होता आणि मामाचाच होता. पण खोट्या आकड्यानं सूड घ्यायचा, तर मग मामात आणि आपल्यात फरक काय? तिला तो जिवंत हवा होता, घाबरलेला हवा होता, आणि फॉर्मप्रमाणे हवा होता.

चिठ्ठीची एक प्रत तिनं आईच्या हातात दिली. आईनं खिडकीशी उभं राहून ती भिंगातून वाचली, पुन्हा वाचली. मग मामाचा नेहमीचा कप घासला, पुसला आणि फडताळाच्या खालच्या खणात ठेवला, जिथं कान तुटलेले कप असतात. "घाबरलेला माणूस काहीही लिहितो," ती म्हणाली. पण तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

दहा दिवसांनी मामाला कंपनीचं उत्तर आलं. फॉर्म मंजूर. दुसऱ्या पानावरच्या सर्व वस्तू पुरवण्यात येतील. शिवाय जोडलेल्या चिठ्ठीमुळे जुन्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडली असून, ती चौकशी पाहणीच्या काळात प्रत्यक्ष जागेवर होईल. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं तिथं हजर राहणं बंधनकारक आहे. हजर न राहिल्यास प्रकरण फौजदारी समजलं जाईल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामानं तिला फोन केला.

"तू म्हणालीस विसाला कुणी सही करत नाही."

"पहिल्या पानावर, म्हणाले होते," ती म्हणाली. "दुसरं तुम्ही वाचलं नाहीत. कधीच वाचत नाही तुम्ही."

त्याला निरोप द्यायला ऑफिसखाली बरीच मंडळी जमली. कुणीतरी म्हणालं, मामांना काय, त्यांचं तर ते दुसरं घर. मामा हसला. त्याचं ते हसू पाहायला ती अर्धा दिवस रजा टाकून गेली होती, आणि रजा वाया गेली नाही.

मग फोन सुरू झाले. ती कारखान्यात असो की घरी, दर दोन तासांनी वही उघडायची. पहिल्या दिवशी मामा म्हणाला, "पोरी, कसलातरी आवाज येतोय."

"कसला?"

"मला काय माहीत कसला."

"अंतर किती? अंदाजे सांगा. रकाना आहे."

मामानं अंदाज सांगितला. तो रडवेला होता आणि अंदाज फार बारकाईचा होता. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की जाकीट जड आहे, झोपताना काढलं तर चालेल का. तिनं उत्तर दिलं की दुसऱ्या पानावर तसं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सहा वाजताचा फोन पावणेसहालाच केला आणि ठेवायलाच तयार होईना. जागा सांगून झाली, आवाज सांगून झाले, तरी इकडचं तिकडचं विचारत राहिला. पंखा दुरुस्त केला का, म्हणाला. नाही केला, ती म्हणाली, आणि वेळ टिपून फोन ठेवला. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं, आणि याबद्दल तिला वाईट वाटेल म्हणून ती वाट पाहत होती, पण तसं काही झालं नाही.

चौथ्या दिवशी चौकशी होती. ती घरीच थांबली. दहाचा फोन बरोबर दहाला आला. ती वही ओढणार, एवढ्यात आई समोर येऊन बसली आणि तिनं हात पुढं केला. नकारघंटेनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो आईच्या हातात दिला.

"कुठं आहेस?" आईनं विचारलं.

"अक्का?"

"कुंपणाच्या आत, की बाहेर?"

"बाहेर. रस्त्यावर. जिथं... चौकशीवाले मोजमापं घेतायत."

"कुंपण किती लांब आहे?"

"असेल चारशे पावलं."

"तो शीतपेय घ्यायला गेला होता ना," आई म्हणाली. तिचा स्वर बाजारात भाजी विचारावी तसा होता. "मग दुकान कुठं आहे?"

फोनमधून वारा ऐकू येत होता, आणि कुणाच्या तरी बुटांखालची खडी.

"अक्का, मी लिहून दिलंय सगळं."

"लिहिलेलं मी वाचलं. आता बघून सांग. डावीकडे दुकान आहे?"

"नाही."

"उजवीकडे?"

"नाही अक्का."

"नीट बघ. खाली वाकून वगैरे बघ. टपरी असेल, हातगाडी असेल. माझं पोर एवढ्या उन्हात चारशे पावलं चालत गेलं, म्हणजे काहीतरी असणारच."

"काही नाही," मामा म्हणाला. आता तो उघड रडत होता. "नुसता रस्ता आहे. कधी काही नव्हतंच. आपण आत जाऊया म्हणतायत हे लोक, अक्का, आवाज येतायत."

"जा," आई म्हणाली. "बाराला फोन कर."

तिनं फोन टेबलावर ठेवला, मग वही स्वतःकडे ओढली, भिंग काढलं आणि दहा वाजताच्या रकान्यात, तिच्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: जागा, रस्ता. दुकान, नाही. मग उठून थंडोबाच्या फोटोपाशी गेली. पदरानं काच पुसली. "ऐकलंस ना?" म्हणाली त्याला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

परत येऊन ती पुन्हा वहीसमोर बसली. पुढची पानं उलटून तिनं कोरे रकाने मोजले.

"किती दिवस राहिलेत त्याचे?"

"अकरा."

आईनं थोडा विचार केला. "वाढवता येतात का ते?"

नकारघंटेनं आईकडे पाहिलं. आई थट्टा करत नव्हती. मग तिनं कपाटातून कोरा फॉर्म काढला, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"बघते," म्हणाली.